दोन कोटांमधलं घासकाम

१

आमच्या गॅरेजात गन माझ्या हातात असायची आणि पेपर त्याच्या. गन म्हणजे रंग फवारायची आणि पेपर म्हणजे पॉलिशपेपर. नवीन गिऱ्हाईक आलं की सरळ त्याच्याकडे जाऊन रंगाची चौकशी करायचं. मग तो मान माझ्याकडे वळवून म्हणायचा, “मालकीणबाईंना विचारा. मी फक्त घासतो.” गिऱ्हाईक हसायचं. त्याला वाटायचं, नवरा बायकोची थट्टा करतोय. पण ते अगदी खरं होतं. मला घासकामाचा मनापासून कंटाळा, आणि त्याला गन हातात धरली की घाम फुटायचा. संसार टिकायला एवढं पुरतं.

गाडीचा रंग एका दमात देता येत नाही. एक कोट द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग पाणी मारून बारीक पेपरनं घासायचा, पुसायचा, की पुन्हा वर कोट. मधे घासलं नाही तर वरचा रंग खालच्याला धरत नाही, आणि वर्षभरात पापुद्रे निघतात. घासताना छान चकाकणारी गाडी पांढुरकी, आजारी दिसायला लागते. बघणाऱ्याला वाटतं, नासवली. शेवटी चकाकीसाठी लॅकरचा पारदर्शक कोट मारायचा, आणि त्यानंतर मात्र पेपर लावायचा नाही. तिथं काम संपतं.

जुन्या चपलेच्या रबराचा एक तुकडा त्यानं कापून ठेवला होता. त्याभोवती पेपर गुंडाळून तो घासायचा. आधी तिरके हात या बाजूनं, मग तिरके हात त्या बाजूनं. नुसत्या बोटांनी कधीच नाही. बोटांनी घासलं की दाब फक्त बोटांखाली पडतो आणि रंगात पन्हळी उठतात. “मग गाडी उन्हात उभी करायची आणि पेंटरची बोटं मोजायची,” असं तो म्हणायचा. मधूनच थांबून डोळे मिटायचा आणि पत्र्यावरून तळवा फिरवायचा. मी ओरडायचे, “अरे, बाळाला झोपवतोयस की गाडी घासतोयस?” घरात सासूबाईंसमोर तो ‘अहो’ होता, गॅरेजात ‘अरे’.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या गाड्या रंगवल्या आणि आमची स्वतःची म्हणजे एक स्कूटर, तीही गंजलेली. अखेर भंगारवाल्याकडून एका छोट्या गाडीचा सांगाडा आणला. आपली गाडी. मला ती लाल हवी होती. त्यानं जन्मात कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं, पण त्या वेळी पाय खाजवत म्हणाला, “पोपटी केली तर? फिकट?” मी इतकी चकित झाले की हो म्हणून टाकलं.

पहिला कोट मी दिला. दुसऱ्या दिवशी तो घासायला बसला. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो बॉनेटवर गाल टेकून उभा होता, डोळे मिटलेले. मला वाटलं, पत्रा बघतोय. मी कप बाजूला ठेवला आणि म्हटलं, “निवतोय.” थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं. मग त्याच्या खांद्याला हात लावला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. अर्धं बॉनेट घासून झालं होतं.

२

त्यानंतर बरेच दिवस मी गॅरेजच्या पुढच्या भागातच काम केलं. लोकांच्या गाड्या येत होत्या, आणि मला पोट होतं, सासूबाईंनाही होतं. घासकाम आता मलाच करावं लागायचं. मी त्याला शिव्या देत करायचे. असा मधेच टाकून जातात का, म्हणायचे. शेजारचा पंक्चरवाला ऐकायचा आणि मान खाली घालून टायर फिरवत बसायचा.

आमची गाडी मागच्या रंगाच्या खोलीत होती. तीन भिंती आणि अंगणाच्या बाजूला शटर. छताला दुधी पत्रे, त्यामुळे आत दिवसभर सावली न पडणारा उजेड. अंगणापलीकडे आमचं घर, आणि स्वयंपाकघराची खिडकी बरोबर शटरसमोर. कुणी आत-बाहेर केलं तर ताटावरून दिसतं.

एके दिवशी मी मनाचा हिय्या केला आणि शटर वर ढकललं. गाडी चार लोखंडी स्टँडवर, चाकं काढलेली. वर धूळ बसली होती. मी कोरड्या फडक्यानं ती झटकली. अर्धं बॉनेट पांढुरकं होतं आणि अर्धं चकाकत होतं, आणि त्या दोन्हींच्या मधली रेघ मी काही पुसली नाही. बादलीत पाणी भरलं, पेपर भिजत टाकला. मग रडू आलं. म्हटलं, आधी जेवून घेऊ. शटर खाली ओढून मी घरी गेले.

परत आले तर फरशी ओली होती.

मी बादली बघितली. ती सांडली नव्हती. पण आतलं पाणी पोपटी दुधासारखं झालं होतं. बॉनेट पूर्ण घासलेलं होतं, शिवाय दोन्ही मडगार्ड, टप, दारं, डिकी, सगळं. पाण्याचे ओघळ अजून वाळायचे होते. रबराचा तुकडा बादलीच्या काठावर उपडा ठेवला होता, पाणी निथळायला.

मी खाली बसले आणि डोकं चालवलं. दुःखात माणसं काय काय करतात, आणि नंतर त्यांना आठवत नाही. मीच घासलं असणार. पण अख्खी गाडी घासली तर खांदा दुखतो, रात्री हात वर होत नाही. माझा खांदा ठणठणीत होता. बोटांची टोकं सुरकुतलेली नव्हती, नखांत रंग नव्हता. आणि मी घासते ते सरळ, पुढे-मागे, कंटाळलेल्या माणसासारखं. हे तिरकं होतं. आधी या बाजूनं, मग त्या बाजूनं.

मी पत्र्यावर तळवा फिरवला. इतका सारखा पत्रा मला जन्मात घासता आला नसता.

३

मग मी काय केलं? जे पेंटर करतो ते. घासून झालंय, आता कोट द्यायचा. मी दुसरा कोट दिला. गन धरली की माझे हात ऐकतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आणि मी जेवायला बसलो होतो. शटर बंद होतं, कुलूप घातलेलं, किल्ली माझ्या कमरेला. आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, कान तिखट आहेत. नळ नीट बंद केला नाही तर त्या झोपेतून उठून ओरडतात. त्यांनी घास उचलला आणि तो तसाच ताटात ठेवला.

“लवकर लागला कामाला,” त्या म्हणाल्या.

मी ऐकलं. खस्स, खस्स, खस्स. मग थांबणं. मग बादलीत पेपर बुडवल्याचा आवाज. मग पुन्हा खस्स, खस्स. मी खिडकीतून बघत राहिले. शटर बंद, कुलूप जागच्या जागी, अंगणात ऊन. एक मांजर शटरसमोर बसून पाय चाटत होतं, आणि त्याला काहीच वावगं वाटत नव्हतं.

“उंदीर असतील,” मी म्हटलं.

“हो,” आई म्हणाल्या, “आणि पेपरही धरत असतील.” त्या उठल्या नाहीत. ताटावर बसून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, गाण्याचा कार्यक्रम ऐकावा तसं. आवाज बंद झाल्यावर त्यांनी जेवण संपवलं.

मी पंक्चरवाल्याला जाऊन विचारलं, दुपारी मागं कुणी येतं का? तो म्हणाला, “वहिनी, तुमचं शटर उघडलं की अख्ख्या गल्लीला कळतं, इतकं ते ओरडतं.” मग जरा चाचरून म्हणाला, “तुम्हीच काम करत असता ना दुपारी? आवाज येतो.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

४

आता जे सांगते त्यावरून मला कुणी वेडी म्हटलं तरी चालेल. पुढचे दिवस माझे सुखाचे गेले.

मी सकाळी कोट द्यायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो घासण्याइतका वाळायचा. मग मी शटर ओढून घ्यायचे आणि घरी न जाता तिथंच अंगणात, शटरला पाठ लावून बसायचे. जरा वेळानं आत सुरू व्हायचं. पत्र्याची ती खसखस शटरमधून माझ्या पाठीत उतरायची. मी डोळे मिटून बोलत बसायचे. आज एकानं बंपरचा रंग उडाला म्हणून भांडण काढलं, त्याला काय सुनावलं. आईंच्या गुडघ्याचं काय झालं. पोपटी रंग मला आधी पानटपरीसारखा वाटला होता, पण आता डोळ्यांना बरा वाटतोय. “तुझ्या डोक्यात एवढी अक्कल होती, तर लग्नाच्या वेळी कुठं ठेवली होतीस?” असं मी म्हटलं की घासणं थांबायचं. तो हसताना नेहमी थांबायचा. हसताना हात हलतो म्हणायचा.

तो कधी बोलला नाही. मीही हाक मारली नाही, आणि शटर उघडून बघितलंही नाही. बघितलं तर काय होईल ते मला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचं नव्हतं. आई खिडकीत बसून भाजी निवडायच्या. आम्ही दोघी त्यावर एक शब्द बोलायचो नाही.

खरं तर गाडीला एवढे कोट लागत नाहीत. खालचा पत्रा कधीच पूर्ण झाकला गेला होता. आता लॅकर मारून टाकायचं, चाकं लावायची आणि गाडी बाहेर काढायची, एवढंच उरलं होतं. लॅकरचा डबा मी आणून ठेवलाही होता. पण लॅकर मारलं की त्यावर पेपर नाही, आणि पेपर नाही म्हणजे तो नाही. एवढं कळायला फार शिकावं लागत नाही. मी डबा फळीवर मागं सरकवला आणि पोपटी रंग आणखी कालवला. एक कोट अजून, म्हटलं. एकानं काय होतंय.

आणि मग पुन्हा एक.

५

आधी टप राहिला.

एका दुपारी मी शटर उघडलं तर टप तसाच चकाकत होता. बाकी गाडी घासलेली. मी म्हटलं, विसरला असेल. मी स्टुलावर चढून टप घासला आणि पुढचा कोट दिला. त्यानंतरच्या वेळी टप राहिलाच, शिवाय बॉनेटचा मधला भाग, जिथं जरा वाकून हात लांबवावा लागतो, तोही राहिला. पुढच्या वेळी बॉनेट पूर्ण राहिलं. दारांवर काचेच्या खाली एक रेघ दिसायला लागली. रेघेच्या वर चकाकी, खाली पांढुरकं. प्रत्येक वेळी ती रेघ जराशी उतरायची.

मी स्वतःला समजावलं की हे वाळण्यातलं असेल, वरचा भाग गरम राहतो, रंग कडक होतो. हे मी स्वतःला सांगत होते आणि त्याच वेळी मला माहीत होतं की असं काही नसतं.

आवाजही बदलला होता. खस्स, मग किती वेळ काहीच नाही, मग खस्स. मी बोलायचे, चिडवायचे, पण तो थांबला तर हसण्यासाठी थांबला की दम खाण्यासाठी, ते कळेनासं झालं. आणि आवाज खालून यायचा. आधी माझ्या खांद्यामागून यायचा, मग कमरेमागून. एकदा मला बसल्या बसल्या कान जमिनीजवळ न्यावा लागला.

मग रबराचा तुकडा फरशीवर पडलेला मिळाला, कोरडा. त्या दिवशी मागच्या दारावर मी तळवा फिरवला आणि माझा हात अडखळला. पन्हळी होत्या. एकाशेजारी एक, बोटांएवढ्या. मी मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघितलं. चार असायला हव्या होत्या. तीन होत्या. दाराच्या खालच्या कडेकडे दोनच उरल्या होत्या, आणि त्याही रुंद, टोक नसलेल्या.

मी बादली ओतायला बाहेर नेली. वरचं पोपटी पाणी निघून गेलं आणि तळाशी गाळ दिसला. रंगाचा गाळ मी आयुष्यभर ओतलाय. तो रंगाच्या रंगाचा असतो. हा गव्हाळ होता, पिठासारखा बारीक. मी दोन बोटांत धरून चोळला. त्याला थिनरचा वास नव्हता. कुठलाच वास नव्हता म्हणून मी तो नाकाजवळ नेला, आणि मग मला अंगणातच उलटी झाली. कारण वास होता. आंघोळ करून आला की त्याच्या मानेला यायचा तो.

मी तो गाळ ओतला नाही. ओतणार तरी कुठं? एका वाटीत काढला, वर दुसरी वाटी झाकली आणि फळीवर ठेवली. नंतर मी खोलीतल्या खोलीत किती वेळ फिरत होते कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कोट दिला. हे मी लपवत नाही. मला तो हवा होता.

६

आई त्या खोलीत कधी येत नसत. त्यांना थिनरचा वास सोसत नाही. पण त्या दिवशी जेवण झाल्यावर त्या भिंतीला धरत धरत अंगण ओलांडून आल्या आणि म्हणाल्या, “उघड.”

मी शटर उघडलं. आवाज नुकताच थांबला होता. फरशी ओली होती, पण थोडीशीच, मागच्या चाकाच्या जागेपाशी. आई स्टुलावर बसल्या, वाकल्या आणि त्यांनी दाराखालच्या पट्टीवरून हात फिरवला. तेवढंच घासलेलं होतं. गाडीच्या एका बाजूची, जमिनीपासून वीतभर उंचीवरची पट्टी.

“इथपर्यंत आला का,” त्या म्हणाल्या.

“आई, तुम्हाला कळत होतं?”

“मी काय बहिरी आहे? एवढ्याशा आवाजावरून आईला कळतं, पोर उभं राहून रडतंय की आडवं पडून.” त्यांनी हात पदराला पुसला. “हा लहान असताना कुणीही काहीही सांगायचं. पाणी आण, दळण आण, माझी सायकल पूस. तापानं फणफणला असला तरी उठायचा. मी शेजारणीशी भांडले त्यावरून. माझ्या पोराला काही सांगू नका, त्याला नाही म्हणता येत नाही.”

“मी त्याला काही सांगत नाही, आई. मी फक्त रंग देते.”

“तेच सांगणं आहे की गं त्याला.”

त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यात राग नव्हता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तू थांबवल्याशिवाय तो थांबायचा नाही,” त्या म्हणाल्या. “आणि आता त्याच्यात राहिलंय किती?”

मी फळीवरच्या वाट्यांकडे बघितलं नाही. त्यांनीही बघितलं नाही. पण त्यांचा हात माझ्या पाठीवर आला, आणि मग आम्ही दोघी तिथंच रडलो, मोठ्यानं, पंक्चरवाल्याला ऐकू जाईल इतकं. तो गेला त्या दिवशीही आम्ही अशा रडलो नव्हतो. त्या दिवशी माणसं फार होती.

७

लॅकर मारायचं तर आधी गाडी पूर्ण घासायला हवी, आणि नीट. टपापासून खालपर्यंत, पन्हळी काढून. ते त्याच्याकडून होणार नव्हतं. म्हणजे मी.

सकाळी मी शटर आतून ओढून घेतलं आणि सुरुवात केली. रबराच्या तुकड्याला पेपर गुंडाळला. तिरके हात, आधी या बाजूनं, मग त्या बाजूनं. मला जमत नव्हतं. मी पुन्हा करायचे. पाणी कोपरापर्यंत येत होतं, खांद्यातून कळा निघत होत्या, आणि मी त्याला सांगत होते की बघ, शेवटी मला हे करायला लावलंसच. टप झाला. बॉनेट झालं. डावी बाजू झाली. दारावरच्या पन्हळी काढताना मात्र माझा हात चालेना. त्याचीच बोटं होती ती. मी डोळे मिटले आणि डोळे मिटूनच घासलं, हाताला पत्रा सपाट लागेपर्यंत.

डोळे मिटलेले असतानाच ऐकू आलं. गाडीच्या पलीकडून, उजव्या बाजूनं. अगदी हलकं, ओलं. मी घासलं की ते घासायचं. मी थांबले की ते थांबायचं.

आत मी होते तेव्हा तो कधीच आला नव्हता. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि त्याच वेळी, देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं. आम्ही एकाच गाडीवर एकाच वेळी कधी घासलं नव्हतं.

मी बघणार नव्हते. तसं ठरवलं होतं. पण हात ओले होते, पेपर निसटला आणि फरशीवरून घसरत गाडीखाली गेला. तो घ्यायला मी वाकले. गाडी स्टँडवर होती, चाकं नव्हती, आणि खालून पलीकडची फरशी स्वच्छ दिसत होती.

तिथं पेपरचा एक तुकडा पुढे-मागे होत होता. पट्टीच्या खालच्या कडेला, फरशीला टेकून. त्याला धरून काहीतरी होतं. गव्हाळ. त्याला बोटं नव्हती, मनगट नव्हतं. कुठंच कोपरा नव्हता, कुठंच कड नव्हती. सगळीकडून सारखं, गुळगुळीत, शेवटच्या नंबरच्या, सगळ्यात बारीक पेपरनं खूप मन लावून घासल्यासारखं. आणि एवढुसं. ओंजळीत मावलं असतं.

ते थांबलं. मग माझ्या दिशेला वळल्यासारखं झालं, आणि मी डोळे गच्च मिटून घेतले.

“झालं रे,” मी म्हटलं. “छान झालंय सगळं. आता मी लॅकर मारते. त्यावर तुला काही काम नाही. ऐकतोयस ना? काही काम नाही आता.”

बराच वेळ काहीच झालं नाही. मग कागद फरशीवर पडल्याचा आवाज आला. ओला कागद पडतो तसा.

मी पलीकडे जाऊन बघितलं तेव्हा तिथं पेपरचा तुकडा होता आणि थोडं पाणी. उजव्या बाजूचं उरलेलं घासकाम मीच संपवलं.

८

लॅकर झकास बसलं. एक ओघळ नाही, एक कण नाही. दुधी उजेडात गाडी अशी दिसत होती की मी दारात उभी राहून तिच्याशी दोन शब्द बोलले. मग खोलीतले सगळे पॉलिशपेपर गोळा केले, नवे-जुने, अगदी फाटके तुकडेसुद्धा, आणि रबराच्या तुकड्यासकट कचरागाडीत टाकून आले. वाटीतला गाळ आईंनी आणि मी जाऊन वाहत्या पाण्यात सोडला. आई काठावर बसून राहिल्या. मी त्यांना उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो. खिडकीतून शटर दिसत होतं. आत लॅकर वाळून कडक झालं होतं. अंगणात ऊन होतं. कुठं काही आवाज नव्हता.

आईंनी घास केला आणि धरून ठेवला. मी पाणी प्यायले. मला माझ्याच घशाचा आवाज ऐकू आला. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली आणि त्यानंतर पुन्हा काही नाही. तो गेला त्या दिवसापासून इतकं शांत कधी झालं नव्हतं, आणि मला कळलं की तो आज गेलाय.

“बरं झालं,” आई म्हणाल्या. “सुटला.”

“हो.”

त्यांनी घास परत ताटात ठेवला. मग पुन्हा उचलला. त्यांनी खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग त्यांचा चेहरा असा झाला की मला त्याच्याकडे बघवेना.

“लॅकरवर पुन्हा रंग बसतो का गं?” त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांना यातलं काही कळत नाही. पण धंद्यातलं विचारलं की माझ्या तोंडून खरंच निघतं.

“बसतो,” मी म्हटलं. “पण आधी लॅकर घासावं लागतं.”

“मग एकदाच,” आई म्हणाल्या. अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखं. “एकदाच घास म्हणावं त्याला. मी नुसतं ऐकेन. परत नाही मागणार.”

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवायला उठले. खरंच उठले. पण शब्द बाहेर पडले होते, खिडकी उघडी होती, आणि ते त्याच्या आईचे शब्द होते.

शटरमागं आवाज सुरू झाला. त्यात खसखस नव्हती. पेपर कुठून असणार, मीच टाकून आले होते. ओल्या तळव्यानं ओटा पुसावा एवढाच तो आवाज होता, जमिनीलगतचा. तो थांबत होता आणि पुन्हा सुरू होत होता.

आईंनी दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं. “नको म्हण त्याला,” त्या म्हणाल्या. “अगं, नको म्हण, मी चुकून बोलले. ए बाळा, राहू दे रे, काही नको आहे मला.”

मी खिडकीतून ओरडले, राहू दे, पुरे, ऐक माझं. पंक्चरवाला धावत अंगणात आला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. आतला आवाज चालूच होता. किल्लीनं कुलूप उघडायला माझे हात धजेनात. आत जाऊन मी काय थांबवणार होते, आणि कशाला धरून?

लॅकर फार कडक असतं. चांगल्या पेपरनंसुद्धा ते उतरायला अख्खा दिवस जातो.